पंखा हातानं फिरवून बघा

खराडी बायपासच्या सिग्नलला जुनी बोलेरो अडकली की तापमानाचा काटा चढतो, नगर रोडला वेग धरला की उतरतो. अशा वेळी पंख्याचा क्लच आधी तपासावा. त्यात सिलिकॉनचं घट्ट तेल असतं. रेडिएटरमधून येणाऱ्या गरम हवेनं समोरची द्विधातू पट्टी वळते, झडप उघडते, तेल खोबणींत शिरतं आणि पंख्याला ओढतं.

इंजिन बंद, किल्ली खिशात. मगच पातं फिरवा. गार असताना काकवीत पळी फिरवल्यासारखा हलका विरोध हवा, गरम झाल्यावर जास्त. भिंगरीसारखं गरगरलं तर तेल गळालंय; मधोमध धूळ चिकटलेला डागही बहुधा सापडेल. मुळीच हलेना, तर क्लच जाम: पंखा सतत घोंघावणार, डिझेल खाणार. सकाळी सुरू केल्या केल्या होणारा घोंघाट मात्र दोष नव्हे; रात्रभर खोबणींत साचलेलं तेल मागे जायला थोडा वेळ लागतोच.