दातांची निगा आणि इंग्रजी क्रियापदे

दुखणे नेमक्या शब्दांत सांगता येणे हा उपचाराचाच पहिला भाग होय. आपले विद्यार्थी पुढे परिचर्या, वैद्यकीय शिक्षण वा परप्रांतातील नोकरी यांकडे वळतात. तेथे मराठीचा आधार सुटतो आणि इंग्रजी क्रियापदांशी गाठ पडते. म्हणून दातांच्या निगेसंबंधीच्या काही क्रियापदांचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

हा विषय आपल्या परंपरेस परका नाही. विनयपिटकातील ‘चुल्लवग्गा’त भगवान बुद्धांनी भिक्षूंना दंतकाष्ठ वापरण्याची अनुज्ञा दिली असून त्याचे पाच लाभ सांगितले आहेत. त्याची लांबी आठ अंगुळांहून अधिक व चार अंगुळांहून कमी नसावी, असा नियमही तेथे आहे. क्रिया जितकी नेमकी, तितकाच तिचा शब्दही नेमका असावा.

मराठीत आपण भांडीही घासतो आणि दातही घासतो. इंग्रजीत मात्र भांड्यांसाठी ‘स्क्रब’ आणि दातांसाठी ‘ब्रश’ ही क्रियापदे योजतात. ‘आय रब माय टीथ’ म्हटल्यास शब्दकोश साथ देईल, व्यवहार देणार नाही. तोंडात पाणी खळबळून चूळ भरणे म्हणजे ‘रिन्स’. मान मागे करून घशात पाणी खुळखुळविणे म्हणजे ‘गार्गल’. घशासाठीची गुळणी दातांना उपयोगी पडत नाही, हे ध्यानात ठेवले की हे दोन शब्द आपोआप वेगळे होतात.

सर्वांत मोठी गफलत ‘दात काढणे’ याबाबत होते. ‘आय पुल्ड आउट माय टूथ’ याचा अर्थ दात मी स्वतःच उपटला, असा होतो. दंतवैद्याकडून तो काढविला असेल, तर ‘आय हॅड माय टूथ टेकन आउट’ असे म्हणावे. ही रचना अवघड नाही. ‘काढून घेतला’, ‘भरून घेतला’ यांतील आपले ‘घेणे’ जे काम करते, तेच तेथे ‘हॅड’ करते. दुधाचा दात आपोआप पडला असेल, तर मात्र ‘माय टूथ फेल आउट’.

‘माय टूथ इज पेनिंग’ हा प्रयोग आपल्याकडे सर्रास आढळतो. प्रमाण इंग्रजीत ‘माय टूथ हर्ट्स’ किंवा ‘एक्स’ म्हणतात. दात ठणकत असेल, तर ‘थ्रॉब्स’. गार पाण्याने क्षणभर कळ येऊन जात असेल, तर दात ‘सेन्सिटिव्ह’ आहे असे सांगावे. हे भेद केवळ व्याकरणाचे नव्हेत. क्षणिक कळ आणि न थांबणारा ठणका यांची कारणे बहुधा निराळी असतात, आणि दंतवैद्य रोग्याच्या शब्दांवरूनच तपासणीस आरंभ करतो.

विद्यार्थ्यांनी ही क्रियापदे सुटी पाठ न करता पूर्ण वाक्यांत, मोठ्याने म्हणावीत. आपले दुखणे दुसऱ्याच्या मध्यस्थीवाचून सांगता येणे हेही स्वावलंबनच आहे.