मोटारगाडीतील दोषनिदान, इलेक्ट्रॉनीय

मोटारगाडीतील दोषनिदान, इलेक्ट्रॉनीय : चालू मोटारगाडी अकस्मात बंद पडणे, एंजिनाने मध्येच झटके देणे किंवा दर्शक फलकावरील इशाऱ्याचे दिवे लागणे यांमागील मूळ कारण लक्षणे, विद्युत् मापने व नियंत्रक संगणकाने नोंदविलेले संकेतांक यांच्या साहाय्याने क्रमाक्रमाने शोधून काढण्याच्या पद्धतीस इलेक्ट्रॉनीय दोषनिदान म्हणतात. गाडी जुनी असल्यास हे काम अधिक अवघड होते. कारण तारांवरील निरोधक आवरण ठिसूळ झालेले असते, जोडण्यांवर गंज चढलेला असतो आणि एकाच वेळी अनेक भाग झिजलेले असतात.

ऐतिहासिक आढावा : कार्ब्युरेटर व यांत्रिक वितरक असलेल्या गाड्यांत बहुतेक दोष डोळ्यांनी दिसत किंवा कानांनी ओळखता येत. जर्मनीतील बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनीय इंधन अंतःक्षेपण प्रणाली १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० या गाडीवर बसविण्यात आली. १९७६ मध्ये व्होल्व्हो गाड्यांत निष्कास वायूंतील ऑक्सिजनाचे प्रमाण मोजणारा संवेदक आला. पुढे १९८० नंतर नियंत्रक संगणक स्वतःचे दोष स्मृतीत नोंदवू लागले. त्या काळी निदान जोडणीतील दोन टोके तारेने जोडली असता अनेक गाड्यांत इशाऱ्याचा दिवा ठराविक वेळा लुकलुके व त्या लुकलुकण्यांच्या संख्येवरून दोषाचा क्रमांक वाचावा लागे. प्रत्येक कंपनीचे क्रमांक निराळे असल्याने गोंधळ होई. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारगाड्यांना ओबीडी-२ ही समान पद्धती सक्तीची झाली. यूरोपीय संघात पेट्रोल गाड्यांना ती २००१ पासून लागू झाली. भारतात २०१० पासून भारत स्टेज-४ मानकांबरोबर अशी पद्धती टप्प्याटप्प्याने आली.

इशाऱ्याचे दिवे : तांबडा दिवा तात्काळ धोका, तर पिवळा दिवा लवकर तपासणी करण्याची गरज सूचित करतो. तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा लागल्यास गाडी सुरक्षित जागी घेऊन एंजिन लगेच बंद करणे आवश्यक असते. अन्यथा धारवे काही क्षणांतच निकामी होऊ शकतात. एंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असल्यास गाडी बेताने कार्यशाळेपर्यंत नेता येते. ओबीडी-२ पद्धतीत तो लुकलुकत असेल, तर सिलिंडरात प्रज्वलन चुकत असून न जळलेले इंधन उत्प्रेरक परिवर्तकात जात आहे व अतितापनाने तो नष्ट होण्याचा संभव आहे, असे समजावे.

संकेतांक व त्यांचा अर्थ : ओबीडी-२ पद्धतीत सोळा टोकांच्या जोडणीस वाचक उपकरण लावून संकेतांक मिळवितात. संकेतांकातील पहिले अक्षर विभाग दर्शविते : पी म्हणजे एंजिन व शक्तिसंक्रमण, बी म्हणजे गाडीचा सांगाडा, सी म्हणजे चाके, गतिरोधक व सुकाणू आणि यू म्हणजे संगणकांमधील संदेशवहन. उदा., पी०३०१ हा पहिल्या सिलिंडरातील प्रज्वलन चुकल्याचा, पी०१७१ हा मिश्रणात इंधन कमी असल्याचा आणि पी०३३५ हा भुजादंड-स्थिती संवेदकाच्या मंडलातील दोषाचा संकेतांक होय.

संकेतांक हा पुरावा असतो, निर्णय नव्हे. पी०१७१ आढळल्यावर पुष्कळदा ऑक्सिजन संवेदक बदलला जातो. वस्तुतः निर्वात नळीस पडलेली भेग, मळलेला हवामापक किंवा दुर्बल इंधन पंप यांमुळेही तो उमटतो. अशा वेळी संवेदक खरे तेच सांगत असतो. सुटे भाग अंदाजाने बदलत गेल्यास खर्च वाढतो, तर दोष तसाच राहतो. संकेतांक पुसण्यापूर्वी ते व त्यांसोबत साठविलेली एंजिनाची गती, तापमान, भार इ. माहिती लिहून ठेवणे इष्ट असते; पुसल्यावर हा पुरावा नाहीसा होतो.

अकस्मात बंद पडणे : एंजिन चालण्यास इंधन, ठिणगी, हवेचे संपीडन व यांचे योग्य कालमापन आवश्यक असते. बंद पडलेल्या अवस्थेत यांपैकी काय नाहीसे झाले, हे पाहणे हा निदानाचा पहिला टप्पा होय. किल्ली फिरविल्यावर इंधन पंपाचा क्षणभर येणारा आवाज ऐकू न आल्यास वितळतार, रिले व पंप तपासतात. बहुबिंदू अंतःक्षेपणाच्या बऱ्याच गाड्यांत इंधनाचा दाब सु. २.५ ते ३.५ बार असतो. आरंभक नेहमीपेक्षा हलका व जलद फिरल्यास कालमापन पट्टा तुटल्याचा संशय घेऊन आरंभक पुन्हा फिरविणे टाळतात. एंजिन सुरू होऊन एकदोन सेकंदांत बंद पडत असेल व किल्लीच्या चिन्हाचा दिवा लुकलुकत असेल, तर चोरीविरोधक यंत्रणा किल्ली ओळखत नसल्याची शक्यता असते.

गाडी तापल्यावर बंद पडणे व अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होणे, हे जुन्या गाड्यांतील नित्याचे लक्षण आहे. भुजादंड-स्थिती संवेदकातील बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे उष्णतेने प्रसरण पावून तुटक होते व थंड झाल्यावर पुन्हा जुळते. स्थितीचा संकेत थांबताच संगणक ठिणगी व इंधन दोन्ही बंद करतो. ही तपासणी एंजिन तापलेले असतानाच करावी लागते. आरंभक फिरत असताना गतिदर्शक काटा शून्यावरच राहिला, तर या संवेदकाविषयीचा संशय बळावतो. रिलेमधील तडकलेल्या डाखजोडामुळेही असेच घडते.

विद्युत् दाब व भूसंपर्क : अनेक असंबद्ध दिवे एकदम लागल्यास अनेक दोष एकदम झाल्याचा संभव कमी असतो, बहुधा समान पुरवठ्यातच बिघाड असतो. चांगल्या, पूर्ण भारित विद्युत् घटमालेचा दाब स्थिर अवस्थेत सु. १२.६ व्होल्ट आणि एंजिन चालू असताना सु. १३.८ ते १४.५ व्होल्ट असतो. आरंभक फिरताना तो १० व्होल्टच्या बराच खाली गेल्यास संगणकाचे कार्य विस्कळीत होऊन खोटे संकेतांक उमटतात. घटमालेचे ऋण टोक व एंजिन यांमधील दाबपात आरंभक फिरत असताना मोजतात. तो अर्ध्या व्होल्टहून अधिक असल्यास भूसंपर्काची तार काढून साफ करतात वा बदलतात. काही संवेदकांना ५ व्होल्टचा समाईक पुरवठा असतो. त्यांपैकी एकाचे मंडल संक्षिप्त झाल्यास इतर निर्दोष संवेदकांचेही संकेतांक दिसतात. अशा वेळी एकेक जोडणी सोडवून पुरवठा केव्हा पूर्ववत होतो, हे पाहतात.

आंतरायिक दोष : क्षणभर येऊन जाणारा दोष शोधताना एंजिन चालू ठेवून तारांचे जुडगे हलक्या हाताने हलवितात, जोडण्यांवर पाण्याचा फवारा मारतात किंवा संशयित भाग तापवितात. कोकण व गोवा यांसारख्या दमट, खाऱ्या हवेच्या प्रदेशांत जोडण्यांवर हिरवट गंज चढतो. पावसाळ्यात पाणी शिरते, तर उभ्या गाडीतील तारा उंदीर कुरतडतात. त्यामुळे महागड्या संगणकावर संशय घेण्यापूर्वी तारा व जोडण्या पाहणे हिताचे ठरते.

सुरक्षितता : धावत्या गाडीचे एंजिन बंद पडल्यास सुकाणूचे शक्तिसाहाय्य जाते व ते जड होते, गतिरोधकाच्या साहाय्यकात उरलेला निर्वात थोड्याच दाबांपुरता पुरतो. म्हणून पायटा वारंवार न दाबता एकदाच घट्ट दाबावा, धोकादर्शक दिवे लावावेत व गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी. गाडी पूर्ण थांबेपर्यंत किल्ली काढू नये. अन्यथा सुकाणू जखडण्याचा संभव असतो. ‘पुन्हा सुरू झाली’ म्हणजे दोष गेला, असे होत नाही. कारण सापडेपर्यंत अशी गाडी वेगवान रहदारीत नेणे धोक्याचे असते. दुरुस्तीनंतर संकेतांक पुसून, ज्या तापमानात व भारात दोष उद्‌भवला होता त्याच परिस्थितीत गाडी चालवून पाहिल्यावरच निदान पूर्ण झाले असे मानतात.