उन्हाळी वर्ग: काय मिळते, काय मिळत नाही

इंदुरात मार्चअखेर परीक्षा आटोपल्या की नववी ते बारावीच्या मुलांसाठी उन्हाळी वर्गांची पत्रके वाटली जाऊ लागतात. भंवरकुवा आणि गीता भवन परिसरातल्या क्लासेसचे ‘फाउंडेशन’ आणि ‘क्रॅश कोर्स’, खाजगी शाळांचे समर कॅम्प, रोबोटिक्स-कोडिंगच्या कार्यशाळा, क्रीडा विभागाची प्रशिक्षण शिबिरे, मराठी मंडळींची नाट्यशिबिरे आणि संस्कारवर्ग, सगळ्यांना नाव एकच. प्रत्यक्षात प्रत्येकाचा हेतू वेगळा, चालवणारा वेगळा आणि प्रमाणपत्राची किंमतही वेगळी. या विषयातले बहुतेक गैरसमज या सरमिसळीतूनच जन्माला येतात.

त्यांतला सर्वांत पक्का समज असा की उन्हाळी कोर्सचे प्रमाणपत्र पुढे प्रवेशाच्या वेळी कामी येते. आयआयटीचा प्रवेश जेईईच्या गुणवत्ता यादीवर होतो, वैद्यकीयचा नीटवर. आयआयएम इंदूरचा पाच वर्षांचा एकात्मिक व्यवस्थापन अभ्यासक्रम २०११ पासून बारावीनंतरच्या मुलांना घेतो. त्यासाठी आयपीमॅट ही परीक्षा आणि नंतर मुलाखत असते. देवी अहिल्या विश्वविद्यालयाच्या अनेक अभ्यासक्रमांना सीयूईटीचे गुण लागतात. यांपैकी कुठल्याही गुणवत्ता यादीत उन्हाळी कोर्सला गुण नाहीत. मुलाखतीत त्याचा विषय निघू शकतो, पण तेव्हा विचारले जाते ते केलेल्या कामाबद्दल. रोबो बनवला असेल तर तो चालतो कसा, हे सांगता आले पाहिजे. फ्रेममधल्या कागदाला कोणी विचारत नाही.

याला एक खराखुरा अपवाद आहे आणि तोही उन्हाळ्यातलाच. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या देखरेखीखाली विज्ञान ऑलिम्पियाडची निवड-शिबिरे आणि गणित ऑलिम्पियाडचे प्रशिक्षण शिबिर साधारण एप्रिल ते जूनच्या काळात भरतात. गणिताच्या शिबिरापर्यंत पोहोचलेल्यांना चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट प्रवेश परीक्षेतून सूट देते. आयआयटी कानपूरनेही २०२५-२६ पासून ऑलिम्पियाडच्या मार्गाने मोजक्या जागा भरायला सुरुवात केली. मात्र या शिबिरात पैसे भरून जागा मिळत नाही. गणितासाठी सप्टेंबरच्या सुमारास होणारी आयओक्यूएम, विज्ञानासाठी नोव्हेंबरमधली एनएसई आणि त्यापुढचे टप्पे पार करावे लागतात. त्यांचे अर्ज पावसाळ्यातच भरायचे असतात. एप्रिलमध्ये पत्रके हातात पडतात तेव्हा त्या वर्षीचे हे दार केव्हाच बंद झालेले असते. जे शिबिर प्रवेशात मोजले जाते ते विकत मिळत नाही, आणि जे विकत मिळते ते मोजले जात नाही, अशी एकंदर स्थिती आहे.

दुसरा गैरसमज मोठ्या संस्थांच्या नावांचा. इंदूरला आयआयटी आणि आयआयएम दोन्ही आहेत, शिवाय राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे, जिथे इंडस-१ आणि इंडस-२ ही सिंक्रोट्रॉन यंत्रे चालतात. त्यामुळे ‘आयआयटीत समर इंटर्नशिप’ हे शब्द दहावीच्या मुलाच्या पालकालाही भुलवतात. या संस्थांतले उन्हाळी प्रशिक्षण आणि इंटर्नशिप मुख्यतः पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी असतात. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची आणि शिक्षकांची आहे, शाळकरी मुलांची नव्हे. संस्थेने स्वतः घेतलेला कार्यक्रम, संस्थेचे सभागृह भाड्याने घेऊन भरवलेला कार्यक्रम आणि संस्थेच्या माजी विद्यार्थ्याने काढलेला क्लास या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पत्रकावर मात्र तिन्हींत नाव सारख्याच ठळक टाइपात छापता येते. खातरजमा करणे सोपे आहे. शुल्काची पावती कोणाच्या नावाने फाटते ते पाहावे, आणि तोच कार्यक्रम संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर आहे का ते तपासावे.

महाग ते चांगले हा समज तर आकड्यांपुढे टिकतच नाही. इस्रोचा ‘युविका’ हा युवा विज्ञानी कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. नववीच्या मुलांना मे महिन्यात सुमारे दोन आठवडे इस्रोच्या केंद्रात ठेवून घेतात. राहणे, जेवण आणि प्रवास यांचा खर्च इस्रो करते. निवडीत आठवीच्या गुणांना सर्वाधिक वजन असते. त्याखेरीज ऑनलाइन प्रश्नमंजूषा, विज्ञान प्रदर्शन, ऑलिम्पियाड, खेळ, स्काउट-एनसीसी यांचेही गुण धरतात. पंचायत क्षेत्रातल्या शाळेत शिकणाऱ्याला वेगळे गुण मिळतात. म्हणजे सांवेर किंवा देपालपूर तालुक्यातल्या खेड्यातल्या मुलीला इथे शहरातल्या नामांकित शाळेच्या मुलापेक्षा थोडे झुकते माप आहे.

पुण्यात जयंत नारळीकरांनी उभ्या केलेल्या आयुका या संस्थेने १९९० च्या दशकात शाळकरी मुलांसाठी उन्हाळी उपक्रम सुरू केला, तोही याच जातीचा. शाळांनी पाठवलेली आठवी-नववीच्या वयाची मुले आठवडाभर, सोमवार ते शुक्रवार, एखाद्या शास्त्रज्ञाबरोबर काम करतात. ठरीव अभ्यासक्रम नसतो. काय करायचे ते मुले आणि मार्गदर्शक मिळून ठरवतात. पाच दिवसांत पुस्तक संपत नाही, संपवायचेही नसते. एका प्रश्नाशी झटापट कशी करायची ते कळले की झाले. परदेशातही चित्र फार निराळे नाही. अमेरिकेत १९८४ मध्ये सुरू झालेली आणि एमआयटीत भरणारी रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट निवडलेल्या विद्यार्थ्यांकडून शिकवण्याचे वा राहण्याचे पैसे घेत नाही. उलट नामवंत विद्यापीठांच्या दोन आठवड्यांच्या ‘प्री-कॉलेज’ कार्यक्रमांना काही हजार डॉलर लागतात, आणि तिथे जाऊन आल्याने त्या विद्यापीठात प्रवेश मिळेल असे कोणतेही बंधन विद्यापीठावर नसते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आणखी एक घोटाळा इकडे येतो. तिथल्या हायस्कुलात ‘समर स्कूल’ म्हणजे बहुधा राहिलेला विषय पुन्हा करून श्रेयांक मिळवणे, किंवा पुढचा विषय आधी उरकणे. ते गुणपत्रकात नोंदले जाते. भारतीय मंडळांत अशी सोय नाही. क्लासमध्ये उन्हाळ्यात अकरावीचे रसायनशास्त्र ‘पूर्ण’ केले म्हणून शाळेतला एक तासही कमी होत नाही. नापास झालेल्यासाठी किंवा गुण वाढवू पाहणाऱ्यासाठी मार्ग परीक्षेचाच आहे. मध्य प्रदेश मंडळाने २०२५ पासून पुरवणी परीक्षेऐवजी दुसरी परीक्षा घ्यायला सुरुवात केली. सीबीएसईने दहावीसाठी २०२६ पासून मे महिन्यात दुसरी परीक्षा आणली असून तीत जास्तीत जास्त तीन विषयांचे गुण सुधारता येतात. या मुलांच्या दृष्टीने उन्हाळी उजळणी वर्ग खरोखर कामाचा ठरतो, कारण समोर ठरलेली परीक्षा आणि ठरलेले विषय असतात. गंमत म्हणजे पत्रकांत याच वर्गाची जाहिरात सर्वांत लहान असते.

सुट्टीत वर्षाचा अभ्यासक्रम आधीच संपवला की पुढे निवांत, हाही हिशेब तपासून पाहण्याजोगा आहे. मध्य प्रदेशात नवे सत्र एप्रिलमध्येच सुरू होते आणि सुट्टी साधारण १ मे ते १५ जून, म्हणजे ४६ दिवस. रविवार वजा जाता ३९ दिवस उरतात. रोज चार तास धरले तर १५६ तास होतात. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात शालेय वर्षाचे अध्ययन १२०० तासांचे धरले आहे. त्याच्या आठव्या हिश्शात सगळे विषय बसवायचे तर धडे नुसते वाचून पुढे सरकावे लागते. शिवाय उजळणीविना मजकूर किती झपाट्याने विसरला जातो, हे हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते. मेमध्ये घोकलेले ऑक्टोबरपर्यंत टिकवायचे तर मधल्या महिन्यांत पुन्हा पुन्हा वाचावे लागणारच. गणितातली बैजिक समीकरणे किंवा इंग्रजी लेखन असा एकच कच्चा भाग घेऊन सहा आठवडे घासला, तर मात्र फरक दिसतो.

चित्रकला, नाटक, मल्लखांब, पोहणे यांच्या वर्गांना ‘टाइमपास’ म्हणून बाजूला सारले जाते. इंदुरात तरी असे म्हणणे शोभत नाही. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ मध्ये इथे सुरू केलेल्या कलाशाळेतून ना. श्री. बेंद्रे आणि मकबूल फिदा हुसेन घडले. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. मल्लखांब हा २०१३ पासून मध्य प्रदेशचा राज्यखेळ आहे. अर्थात यांतले काहीही सहा आठवड्यांत साध्य झालेले नाही. शिबिरात मुलाला त्या विद्येची ओळख होते, गुरू भेटतो, आणि जूननंतर तो आखाड्यात किंवा तालमीला जात राहिला तर शिबिराचे चीज होते. हे वर्ग १५ जूनला संपतात की पुढे चालू राहतात, हा त्यामुळे पहिला प्रश्न ठरतो.

भरलेले पैसे परत मिळत नाहीत, हा शेवटचा आणि सर्वांत खर्चिक गैरसमज. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वे राज्यांना पाठवली. त्यांनुसार १६ वर्षांखालच्या मुलांना केंद्रात दाखल करायचे नाही. प्रवेश माध्यमिक परीक्षेनंतरच द्यायचा. गुण किंवा रँकची हमी देता येत नाही. पूर्ण शुल्क भरून विद्यार्थ्याने मध्येच कोर्स सोडला तर उरलेल्या काळाचे पैसे दहा दिवसांत परत करायचे. अंमलबजावणी राज्यांच्या हाती असल्याने नववीच्या ‘फाउंडेशन’ बॅचेस अजून दिसतात, पण पालकाला बोट ठेवायला नियम आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या जाहिरातींबाबत स्वतंत्र नियमावली काढली. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो छापायचा तर निवडीनंतर त्याची लेखी संमती हवी, आणि त्याने नेमका कोणता कोर्स, किती काळ केला हेही छापायला हवे. ही नियमावली ५० हून अधिक विद्यार्थी असलेल्या केंद्रांना लागू होते. खेळ, नृत्य, नाट्य आणि इतर सर्जनशील उपक्रम तिच्या बाहेर आहेत. त्या वर्गांबाबतही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आधार घेता येतो.

खाजगी कोचिंगवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणून सांगितलेले शुल्क करासह आहे की कराविना, हे आधी विचारून घ्यावे. पैसे परतीची अट लेखी घ्यावी आणि पक्की पावती जपून ठेवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.