मनाचा तोल आणि चार जणी



योग म्हटलं की आपल्याला सतरंजी आणि आसनं आठवतात. पण पतंजलींच्या योगसूत्रांत जवळपास दोनशे सूत्रं आहेत आणि आसनावर त्यातली फक्त ३. जास्त भर आहे तो मनावर. पहिल्या पादातलं ३३वं सूत्र तर आपल्या गटाच्या बैठकीसाठीच असावं असं मला वाटतं. मन स्वच्छ राहावं म्हणून कोणाशी कोणता भाव ठेवायचा, ते त्यात आहे.

समजा, एकीच्या म्हशीचं दूध वाढलं. आपण तोंडाने ‘बरं झालं गं’ म्हणतो आणि आतून पोटात दुखतं. अशा सुखी माणसाशी मैत्री ठेवायची. दुसरीचा नवरा आजारी, तिचे दोन हप्ते थकलेत. तिथे करुणा. करुणा म्हणजे हप्ता माफ नव्हे. आधी घरी जाऊन विचारपूस करायची, मग मुदत वाढवायची का ते गटाने ठरवायचं. तिसरी हिशोब चोख ठेवते, सगळ्या तिला नावाजतात. तिथे मुदिता, म्हणजे तिच्या चांगुलपणाचा आनंद. खरं सांगू? मला हेच सगळ्यात जड जातं. दुःखात आपण धावून जातो, पण दुसरीचं कौतुक कानाला सोसत नाही.

चौथी चहाड्या करते. तिच्यासाठी शब्द आहे उपेक्षा. आज आपण उपेक्षा म्हणजे हेळसांड समजतो. ‘म्हातारपणी मुलांनी उपेक्षा केली’ असं म्हणतो. इथे तसं नाही. तिच्या बोलण्यात अडकायचं नाही आणि तिचा द्वेषही करायचा नाही, एवढंच. तिचं बोलणं दिवसभर डोक्यात घोळलं तर तव्यावर भाकरी आपलीच करपते.

एक मात्र बजावून सांगते. मार खाणाऱ्या बाईला कोणी ‘उपेक्षा कर, मन शांत ठेव’ असं सांगत असेल, तर ऐकू नका. उपेक्षा आपल्या मनातल्या रागासाठी आहे, अन्याय सोसण्यासाठी नाही. मार थांबवायला २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ हा महिला हेल्पलाईनचा नंबर आहे. मन शांत नसलं तरी फोन करायचा.

आज रात्री भांडी घासताना आठवून बघा, दिवसभरात या चौघींपैकी कोण भेटली आणि आपल्या मनात काय आलं. कोणाला सांगायची गरज नाही. पुढच्या भागात श्वासाबद्दल बोलू.