पुवाचा हिरवा, पट्टीचा जांभळा

माउलींची पालखी आळंदीहून पुण्याला येते ती विश्रांतवाडीवरून. चालत्या पायांना फोड येतात, टाचेत काटा मोडतो. दोन दिवसांनी तिथं ठसठस, लाली, आणि पुसल्यावर कापसावर पिवळट-हिरवा पू. हा हिरवा बहुधा आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या मायलोपेरॉक्सिडेज या विकराचा रंग असतो.

काट्यावरूनच या पांढऱ्या पेशींची गोष्ट सुरू झाली. १८८२मध्ये इटलीतल्या मेसिना इथं प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉव यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाला गुलाबाचा काटा टोचला. सकाळी पाहतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा! १९०८मध्ये त्यांना नोबेल मिळालं, पॉल एर्लिक यांच्याबरोबर.

आपल्या शरीरात आधी धावते ती न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी. हाडांच्या मगजात या पेशी रोज दहा हजार कोटींच्या घरात तयार होतात. प्रत्येकीच्या पोटात विकरांनी भरलेल्या बारीक पुरचुंड्या. जंतू गिळला की त्या त्याच्यावर रिकाम्या होतात. एक विकर ऑक्सिजनपासून पुढं हायड्रोजन पेरॉक्साइड बनेल अशी सोय करतं. मायलोपेरॉक्सिडेज त्याची गाठ मिठातल्या क्लोराइडशी घालून देतं. तयार होतं हायपोक्लोरस आम्ल. पाण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकल्यावर जंतू मारतं, तेच.

इलास्टेज हे दुसरं विकर प्रथिनं कातरतं, पण आपलं-परकं बघत नाही. पेशीबाहेर सांडलं की फुप्फुसाची लवचीक जाळीही कुरतडतं. त्याला आवरणारं प्रथिन यकृतातून येतं. दाह महिनोन्‌महिने राहिला की हा लगाम अपुरा पडतो.

या हत्यारांपैकी आणखी एक रोजच्या तपासणीत साक्षीला येतं. लघवीच्या मार्गात जंतू शिरल्याची शंका असली की लॅबमध्ये लघवीच्या नमुन्यात चौकोनी ठिपक्यांची पट्टी बुडवतात आणि घड्याळ लावतात. दोनेक मिनिटांत एक ठिपका जांभळा होऊ लागतो; मग पट्टी डबीवरच्या रंगांशी ताडून पाहायची. पांढऱ्या पेशींतल्या एस्टरेज या विकरानं ठिपक्यातलं रसायन तोडलेलं असतं. नमुना तासन्‌तास पडून राहिला तर पेशी फुटतात, मायक्रोस्कोपखाली सापडत नाहीत. ठिपका तरीही जांभळा होतो, कारण पेशी गेली तरी विकर काम करत राहतं.

जंतू कोणता, हे मात्र पट्टी सांगत नाही. त्यासाठी कल्चर लावायचं आणि एक-दोन दिवस थांबायचं. तोवर लॅबच्या कागदावर एवढीच नोंद असते: पांढऱ्या पेशी येऊन गेल्या.