एका उन्हाळ्याचा मेढेकोट : फोर्ट मिम्स

अमेरिकेच्या सरहद्दीवरचे बरेच किल्ले लाकडी होते. ओंडके उभे रोवायचे, जंग्या ठेवायच्या आणि संकट टळेपर्यंत आत राहायचं. फोर्ट मिम्स तर १८१३च्या एका उन्हाळ्यापुरताच उभा होता. तरी आजच्या अलाबामाचा नकाशा त्याच्या पाडावाने बदलला.

मोबिलच्या उत्तरेला टेन्सॉ भागात सॅम्युएल मिम्स या सधन वसाहतकऱ्याचं घर होतं. तेव्हा क्रीक या आदिवासी राष्ट्रात यादवी पेटली होती. गोऱ्यांची राहणी स्वीकारावी की झिडकारावी, यावरून गावंच्या गावं फुटली. झिडकारणारे ते रेड स्टिक्स. २७ जुलैला ते स्पॅनिश पेन्साकोलाहून दारूगोळा घेऊन परतताना अमेरिकी शिबंदीने बर्न्ट कॉर्नपाशी छापा घातला, पण लुटीत गुंतलेली शिबंदीच मार खाऊन पळाली. आता सूड अटळ होता. मिम्सच्या घराभोवती एकरभर जागेला मेढेकोट घातला आणि आत चारेकशे माणसं दाटली: गोरे, मिश्र वंशाचे क्रीक, मिसिसिपी टेरिटरीचे स्वयंसेवक, गुलाम. स्थानिक शिबंदीचा कप्तान डिक्सन बेली मिश्र क्रीक, आणि हल्लेखोरांचा एक नेता विल्यम वेदरफोर्डही तसाच. सोयरेधायरे तटाच्या दोन्ही बाजूंना होते.

२९ ऑगस्टला गुरं राखणाऱ्या दोन गुलामांनी रंग फासलेले योद्धे पाहिल्याची वर्दी आणली. टेहळणीत काहीच दिसलं नाही, तेव्हा खोटी आवई उठवल्याबद्दल फटक्यांची शिक्षा झाली. माझ्या मते किल्ला पडला तो इथेच. ओंडक्यांचा तट कच्चा होता, हे खरंच. पण खबर आणणारा गुलाम म्हणून ती खोटी ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला दगडी तटही राखता आला नसता. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ल्याचा प्रमुख मेजर डॅनियल बीझलीने आपले वरिष्ठ जनरल क्लेबोर्न यांना पत्रातून ही आवई खोटी ठरल्याचं कळवलं. दुपारी जेवणाचा ढोल वाजला आणि दबा धरून बसलेले सातेकशे योद्धे धावून आले. पूर्वेचा दरवाजा उघडाच होता. तळाशी वाळू साचल्याने तो लोटता येईना. बीझली तिथेच कोसळला. जंग्या इतक्या खाली होत्या, की हल्लेखोरांनी बाहेरून त्या काबीज करून आतच गोळ्या झाडल्या. मग पेटते बाण आले. तीनेक आठवड्यांनी आलेल्या तुकडीने २४७ प्रेतं पुरली. गुलामांपैकी बऱ्याच जणांना ठार न मारता कैद करून नेलं होतं.

फोर्ट मिम्सच्या नावाने सरहद्द पेटली. टेनेसीची शिबंदी घेऊन अँड्र्यू जॅक्सन उतरला. २७ मार्च १८१४ला हॉर्सशू बेंड इथे आठशेहून अधिक रेड स्टिक्स मारले गेले. त्या लढाईत चेरोकी आणि क्रीकही जॅक्सनकडून लढले होते. शरण आलेल्या वेदरफोर्डला त्याने सोडून दिलं. तो पुढे गुलाम बाळगणारा जमीनदार म्हणून जगला. ९ ऑगस्टच्या तहात मात्र क्रीकांची दोन कोटींहून अधिक एकर जमीन गेली. त्यावर सह्या कराव्या लागलेले जवळजवळ सगळे क्रीक सरदार जॅक्सनच्याच बाजूचे होते. उरलेल्या रेड स्टिक्सपैकी पुष्कळ जण तोवर स्पॅनिश फ्लोरिडात निघून गेले होते.