गीतमालेतला पहिला नंबर कसा ठरायचा?

वर्षातले सगळ्यांत आवडते गाणे कोणते, हे ठरवायचे कोणी? गाणाऱ्याने, पेटी वाजवणाऱ्याने, की ऐकणाऱ्याने? हा मान ऐकणाऱ्यांना देणारा एक कार्यक्रम रेडिओवर होऊन गेला. त्याचे नाव 'बिनाका गीतमाला'. मित्रांनो, घरी जाऊन आजी-आजोबांपुढे नुसते नाव काढून बघा. ते लगेच म्हणतील, "बुधवारी, रात्री आठला!"

हा कार्यक्रम ३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवरून सुरू झाला. सिलोन म्हणजे आजचा श्रीलंका. आपली हिंदी गाणी तिकडून का लागायची? तर त्या वर्षी दिल्लीत बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. ते मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे मोठे भोक्ते. सिनेमाची गाणी त्यांना पसंत नव्हती. आकाशवाणीवर ती जवळजवळ बंद झाली आणि लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. पुढे १९५७ साली विविध भारती निघाली तेव्हा ती गाणी आपल्याकडे परत आली.

सिलोनचे केंद्र एवढ्या लांबून ऐकू कसे यायचे? महायुद्धात इंग्रजांनी सैनिकांसाठी तिथे मोठे यंत्र उभारले होते. शिवाय तिथून लघुलहरी सोडत. या लहरी आकाशात उंच जातात, तिथल्या विद्युतभारित थरावरून परत फिरतात आणि दूरवर जमिनीवर येतात. म्हणून समुद्रापलीकडचा आवाज वाडीवस्तीवरही पोचे. मधूनच खरखर व्हायची, आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटायचा, पण यायचा. गंमत म्हणजे त्यात बोलणारे अमीन सयानी मुंबईचेच! मुंबईत बोलणे टेपवर घ्यायचे, टेप विमानाने कोलंबोला धाडायची आणि तिथून ते परत मुंबईतच ऐकू यायचे. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

सुरुवातीला गाण्यांना नंबर नव्हते. सात गाणी लावत, श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा, बक्षीस १०० रुपये. सयानी सांगत की पहिल्याच वेळी ९ हजार पत्रे आली आणि वर्षभरात आठवड्याला ६५ हजार येऊ लागली. आता एवढी पत्रे वाचायची कोणी? तेव्हा ही स्पर्धा बंद करून गाणीच नंबराने लावायची ठरली. शेवटच्या नंबरापासून एकेक पायरी वर चढत जायचे. सयानी पायरीला 'पायदान' म्हणत आणि पहिल्या नंबराला 'चोटी'.

खरी अडचण पुढेच आहे. नंबर कशावरून द्यायचे? आधी दुकानांतून किती तबकड्या खपल्या ते विचारत. पण तबकड्यांची दुकाने शहरात. ज्याच्या घरी ग्रामोफोन तोच तबकडी घेणार. पारावर बसून दुसऱ्याच्या रेडिओवर गाणे ऐकणाऱ्याचे मत मोजले कुठे गेले? आणखी एक गोष्ट अशी, की गाणे फारच आवडले तर तबकड्या संपून जात. दुकानात मालच नाही म्हटल्यावर खप शून्य, म्हणजे लोकांना आवडते म्हणूनच गाणे खाली घसरणार! म्हणून गावोगावच्या श्रोता संघांची मते घेऊ लागले. हे संघ दर आठवड्याला आपल्या आवडीची यादी पाठवत. मला ही सुधारणा फार आवडली. तबकडीला पैसे पडतात, पोस्टकार्ड कोणालाही परवडते.

पण पत्रांतही खोट शिरू शकते. स्नेहसंमेलनाच्या गाण्यासाठी आमच्या सातवीत चिठ्ठ्या टाकल्या. मुले ३४ आणि चिठ्ठ्या निघाल्या ४१! मग गुरुजींनी हजेरीप्रमाणे नाव पुकारून एकेक चिठ्ठी घेतली. परदेशातही असे घडते. ऑस्ट्रेलियात 'ट्रिपल जे' नावाचे केंद्र श्रोत्यांची मते घेऊन दरवर्षी १०० गाण्यांची यादी लावते. तिथे प्रत्येकाला १० गाणी निवडता येतात. २०१५ च्या जानेवारीत त्यांनी एका प्रसिद्ध गायिकेचे गाणे यादीतून बाद केले, कारण त्यासाठी बाहेरून मोहीम चालवली होती आणि एका खाद्यपदार्थांच्या कंपनीनेही जाहिरातीसाठी त्यात उडी घेतली होती. मते खूप पडली, तरी मोजली नाहीत.

गीतमालेची वार्षिक यादी वर्षभराच्या गुणांवरून करत. त्या यादीत १९५३ सालचे पहिले गाणे 'अनारकली' सिनेमातले आहे. गायिका लता मंगेशकर आणि संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर! आपल्या मातीतल्या माणसाचे गाणे साऱ्या देशात पहिले आले.

कार्यक्रम १९८९ पासून विविध भारतीवर आला आणि पुढे काही वर्षे चालून थांबला. सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी वारले.

आता एक गणित. समजा, दर आठवड्याला १६ गाणी लागतात. पहिल्याला १६ गुण आणि शेवटच्याला १. एक गाणे कधीच चोटीवर गेले नाही, पण ३० आठवडे ५ गुण मिळवत टिकून राहिले. त्याचे झाले १५०. दुसरे गाणे नोव्हेंबरात आले आणि ८ आठवडे सतत पहिले राहिले. त्याचे झाले १२८. यादीत वर कोण येणार ते दिसतेच आहे. पण वर्षाचे आवडते गाणे तुमच्या मते कोणते? हळूहळू सगळ्यांच्या ओठावर राहिलेले, की शेवटी येऊन सगळ्यांना वेड लावणारे? आमच्या वर्गात यावर दोन तट पडले आहेत. तुमचे मत कागदावर लिहून फळ्याजवळच्या खोक्यात टाका. पालकांनीही टाकावे. खाली नाव लिहा, आणि चिठ्ठी एकच!